दहा मेंढरांचा खोका

जुळे सोलापुरात मूल धड बोलायला लागायच्या आधी त्याच्या खेळण्यांची चर्चा सुरू होते. पूर्वी गड्ड्याच्या जत्रेतून एक पिपाणी आणि एक लाकडी गाडी आणली की पोराचं वर्ष निघायचं. आता तसं चालत नाही. खेळण्याने काहीतरी शिकवलं पाहिजे. मेंदूला चालना दिली पाहिजे, बोटांना वळण लावलं पाहिजे, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या पोराकडे जे आहे त्याच्यापेक्षा ते एक पायरी वरचं असलं पाहिजे. यातलं शेवटचं कोणी तोंडाने बोलत नाही, पण पाकीट उघडतं ते त्याच्यासाठीच. धनलक्ष्मी मॅडमना ही गोष्ट उशिरा कळली, आणि कळली ती त्यांच्या दुकानात झाडलोट करणाऱ्या बाईच्या पोरीमुळे.

त्या बाईचं नाव दिपाली. माहेर आणि सासर दोन्ही सांगोल्याकडचं, धनगराचं. नवरा बिरुदेव टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होता. विजापूर नाक्यामागच्या वस्तीत एका खोलीत तिघं राहायची. तिसरी राजनंदिनी, म्हणजे राजू, तेव्हा साडेतीन वर्षांची. अंगणवाडी दुपारी सुटायची आणि घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून दिपालीने नोकरी धरतानाच हात जोडून सांगितलं होतं, "पोरगी कोपऱ्यात बसंल मॅडम. आवाज करायची न्हाय."

"बसू दे की," मॅडम म्हणाल्या होत्या. "कशाला हात लावायचं नाही फक्त. फार महागाचा माल आहे ओ."

मॅडमचं सासर अक्कलकोटचं, पिढीजात भुसाराचा धंदा. ज्वारी-तुरीच्या पोत्यांना कंटाळून त्यांनी हे दुकान काढलं होतं. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण रिक्षावाल्यापासून सगळे त्याला 'मॅडमचं खेळण्यांचं दुकान' म्हणत. लाकडी ठोकळे, रिंगांचे मनोरे, मणी ओवायचे संच, चुंबकाची अक्षरं, पझल, चित्रांची कार्डं असं सगळं काचेच्या कपाटात मांडलेलं. माल देखणा होता, गिऱ्हाईक यायचंही, पण हाताळून, किमती विचारून, "मोबाइलवर बघतो जरा" म्हणून निघून जायचं.

राजू खरोखरच आवाज करायची नाही. तिची स्वतःची मेंढरं होती. बिरुदेव कारखान्यातून सूत गुंडाळायचे रिकामे, निमुळते पुठ्ठ्याचे कोन आणायचा, तीच ती मेंढरं. उंच कोन म्हणजे आज्जाची म्हातारी मेंढी, बुडाशी चेपलेला होता तो लंगडा बकरा, आणि एक निळा होता तो राखणीचा कुत्रा. काउंटरखाली लादीवर ती त्यांना चरायला न्यायची. "हुर्र, हुर्र," असं अगदी हळू, आईने बजावलं होतं तेवढ्याच आवाजात. मध्येच एखादं मेंढरू हरवायचं, मग ते फडताळामागे सापडायचं, मग त्याला दम मिळायचा, मग पोटाशी धरून त्याची समजूत निघायची. दुपारभर हा संसार चालायचा आणि कोणाला त्याचा पत्ता नसायचा.

एकदा एक नवराबायको आपल्या मुलाला घेऊन आले. दोघंही बँकेत. मॅडमनी त्यांच्यासाठी जनावरांचं लाकडी पझल उघडलं, तुकडे जमिनीवर मांडले. मुलगा हत्तीला उलटा धरून खाचेत कोंबत होता, बसत नाही म्हणून फेकून देत होता. बाप म्हणाला, "याच्या वयाला अवघड आहे बहुतेक." उठायच्या बेतात होते दोघं. तेवढ्यात काउंटरखालून राजू बाहेर आली, तिने हत्ती उचलला, सुलटा केला आणि खाचेत ठेवला. मग बैल. मग बकरी. बघता बघता पझलची पाटी भरली.

दिपालीच्या हातातला पोछा तिथेच थांबला. 'गेली नोकरी' असंच तिला वाटलं.

"किती हुशार!" बँकेतली बाई म्हणाली. "कोणत्या प्लेस्कूलला जाते ही?"

"प्लेस्कूल कुठलं ओ," मॅडम हसल्या. "ही आमच्या दिपालीची मुलगी. झाडलोट करते की इथं, ही दिपाली."

बाईने दिपालीकडे पाहिलं, पोछ्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे पाहिलं. चेहरा आधी उतरला आणि मग आवळला. तिने ते पझल घेतलं. त्याच्यावरच्या वयाचंही एक घेतलं. नवरा काही बोलणार होता, त्याला तिने बोलू दिलं नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मॅडमनी राजूच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. "दिपाली, उद्यापासून हिला चांगला फ्रॉक घालून आण," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "नको, चांगला नको. स्वच्छ असला की झालं."

दिपालीला त्यातली मेख कळली नाही. तिला फक्त कौतुक ऐकू आलं, आणि कौतुक ऐकायची तिच्या कानांना फारशी सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरशेजारी एक लाल स्टूल आलं. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की मॅडम आपल्या कानडीत लाडाने हाक मारायच्या, "राजू, बा पुट्टी, दाखव की आंटीला." राजू यायची, दाखवायची. आणि मग मॅडम सहज बोलल्यासारखं ते वाक्य टाकायच्या, "आमच्या झाडणाऱ्या बाईची मुलगी." तेवढं पुरायचं. प्राध्यापक, इंजिनिअर, एलआयसीवाले, सगळ्यांच्या वर्मी ते बरोबर लागायचं. झाडणाऱ्या बाईच्या पोरीला जे येतं ते आपल्या वंशाच्या दिव्याला येत नाही, हे घेऊन घरी जायची कोणाची तयारी नसायची. खोका घेऊन जाणं त्यामानाने सोपं होतं.

यात एक अडचण होती. उघडलेला खोका पुन्हा नवा म्हणून विकायचा तर त्यातला तुकडा न् तुकडा जागच्या जागी गेला पाहिजे, वर पारदर्शक टेप पूर्वीसारखी बसली पाहिजे. एखादा मणी हरवला की अख्खा संच वाया. मॅडमनी ते दिपालीला समजावलं, आणि दिपालीने ते मनावर घेतलं. घरी भाकऱ्या थापताना ती पोरीकडून घोकून घ्यायची.

"आधी काय करायचं?"

"काडायचं."

"मग?"

"दाकवायचं."

"मग?"

"भरायचं."

"आन् रमायचं का त्यात?"

"न्हाय."

बिरुदेव जेवता जेवता हे ऐकायचा. एकदा तो म्हणाला, "अगं, लेकरू हाय का दुकानाचा गडी?"

"तुमास्नी काय कळतंय?" दिपाली उसळली. "त्या फ्लॅटवाल्यांची पोरं फी भरून जे शिकत्यात ते आपल्या राजूला फुकाट मिळतंय. हातात काय काय येतंय तिच्या, बघितलं का कवा? शाळेत सगळ्यांच्या म्होरं बसंल ती."

दिपालीचा यावर मनापासून विश्वास होता. पोरगी शिकावी, मेंढरांमागे जाऊ नये आणि कोणाच्या फरशाही पुसू नयेत, यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं. दुकान म्हणजे तिला आपल्या पोरीची आयती चालून आलेली शाळा वाटली. त्या शाळेत राजूला प्रत्येक खेळ पहिल्या दोन मिनिटांपुरताच मिळतो, आणि तिसऱ्या मिनिटाला तो दुसऱ्याच्या पिशवीत जातो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

घरातल्या कोनांची मात्र शिस्त वाढली. राजू आता ते रंगाप्रमाणे लावायची, उंचीप्रमाणे लावायची, आणि मग एकात एक घालून कॉटखाली सरकवायची. दिपाली शेजारणीला बोलावून दाखवायची, "बघा, किती टापटीप आलीया."

मग दिवाळीच्या आधी नव्या मालात मेंढरांचा खोका आला. झाकण काढलं की आत हिरवं लाकडी कुरण, छोटं कुंपण, आणि खाचेत बसवलेली दहा मेंढरं. हाताच्या अंगठ्याएवढी, गोल, पांढरी, प्रत्येकाच्या पोटावर एक आकडा. एक ते दहा अंक शिकवायचा तो संच होता. राजूने तो पाहिला आणि ती धावत जवळ आली. तिने एक मेंढरू उचललं, नाकाला लावून वास घेतला. दिपालीकडे बघून तिचं तोंड असं फुललं की दिपालीलाही हसू आवरेना.

त्याच संध्याकाळी एक डॉक्टरीणबाई आल्या. मॅडमनी नवा माल पुढे केला आणि राजूला हाक मारली. राजूने मेंढरं काढली, आणि आईची सगळी शिकवण विसरली. तिने ती काउंटरवर पांगवली. "हुर्र, हुर्र," आता मोठ्याने. तीन नंबरचं मेंढरू पावतीपुस्तकाच्या डोंगरावर चढलं, सातवं हरवलं, आठवं त्याला शोधायला निघालं. कुंपण तिने आडवं टाकलं आणि त्याचा ओढा केला. "ए, पानी हाय तितं, बुडशील," असा सातव्याला दमही दिला.

डॉक्टरीणबाई जरा वेळ बघत राहिल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण यातून मूल शिकणार काय?" आणि काही न घेता निघून गेल्या.

मॅडम रागावून ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दिपाली, शेळ्यामेंढ्या राखायलाच शिकवायचं असतं तर लोकांनी शहरात फ्लॅट कशाला घेतले असते? काउंटिंग करायला शिकव तिला. नाहीतर हा माल माझ्या गळ्यात पडतो की."

ते वाक्य दिपालीच्या काळजात गेलं. सासरा, बाप, आजा, सगळ्यांच्या काठ्या-घोंगड्या मॅडमनी एका वाक्यात पायाखाली घातल्या होत्या. आणि त्यांना उलट काही बोलायची सोय नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. तिने राजूला मागच्या माल ठेवायच्या खोलीत नेलं आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली.

"मेंढरं राखतीस? तुला मेंढरं राखायला हितं आणलंय व्हय? मोज! वन म्हण!"

राजू रडली नाही. गालावर हात ठेवून ती आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वन."

टेनपर्यंत यायला फार वेळ लागला नाही. पोरगी हुशारच होती. दोन दिवसांत ती मेंढरू उचलायची, पोटावरचा आकडा गिऱ्हाईकाकडे फिरवायची, स्पष्ट आवाजात आकडा म्हणायची आणि ते खाचेत परत ठेवायची. शेवटचं ठेवून झालं की झाकण लावायची, खोका दोन्ही हातांनी पुढे करायची आणि म्हणायची, "थँक्यू आंटी." हे थँक्यू मॅडमनी शिकवलं होतं. मेंढरांचे खोके दिवाळीत हातोहात गेले, पुन्हा मागवावे लागले. एकदा एका बाईंनी विचारलं, "ही कधी हट्ट करत नाही का, मला हवं म्हणून?"

"नाही ओ. संस्कार आहेत की," मॅडम म्हणाल्या.

दिपाली दाराजवळ पायपुसणी झटकत होती. तिची मान ताठ झाली. त्या रात्री तिने बिरुदेवला ते वाक्य दोनदा सांगितलं. बिरुदेवने ऐकून घेतलं आणि राजूला जवळ ओढून विचारलं, "राजाक्का, तुजी मेंढरं कुटं गेली गं? लई दिवस दिसली न्हाईत."

"कंची मेंढरं?"

"ही की, खाटंखालची."

"ती मेंढरं न्हाईत आप्पा," राजू म्हणाली. "सुताचे कोन हायती."

दिपाली हसली. बिरुदेव हसला नाही.

खेळण्यांच्या खोक्यांवर वय छापलेलं असतं. तीन वर्षांपुढे, पाच वर्षांपर्यंत, असं. राजूवर तसं काही छापलेलं नव्हतं, पण मॅडमच्या डोळ्यांना ते दिसत होतं. पुढच्या उन्हाळ्यात तिची उंची वाढली, पुढचा एक दात हलायला लागला. आता तिने पझल बसवलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "हो, पण ही मोठी आहे ना." वर्मी लागेनासं झालं. मॅडमनी दुपारच्या पॅकिंगला रुपाली नावाची एक नवी बाई ठेवली होती, आणि तिची मुलगी अडीच वर्षांची होती.

"दिपाली, आता राजूला शाळेत घाल की," मॅडम एका दुपारी म्हणाल्या. "दुकानात आणून तिचं नुकसान नको."

लाल स्टुलावर रुपालीची पोर बसलेली होती. राजू तिच्याजवळ उभी राहून तिला सांगत होती, "आदी काडायचं. मग दाकवायचं."

दिपालीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खट्कन वाजलं. दीड-पावणेदोन वर्षं या पोरीने दुकानातलं एकूण एक खेळणं हाताळलं, आणि तिचं म्हणावं असं त्यातलं एकही नाही. साधी एक रिंग नाही. घरोघरी तिने दाखवलेले खोके गेले, तिच्या घरी एक गेला नाही. दिपालीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने तिथल्या तिथे मॅडमना सांगितलं, "मॅडम, मेंढरांचा एक खोका मला द्या. पगारातनं कापून घ्या."

"अगं, तो दाखवायला वापरलेला आहे की, कोपरे झिजलेला. तो तसाच घेऊन जा, पैसे नकोत."

"न्हाय. नवा द्या. टेप लावल्याला."

मॅडमनी खांदे उडवले आणि नवा काढून दिला. दिपालीने तो राजूला दिसू नये म्हणून साडीच्या पदराखाली धरून घरी नेला, जसा काही चोरलाच होता. वाटेभर ती मनाशी बोलत होती. आता पोरगी काय करील, कशी नाचेल, बाप कसा बघत राहील. त्या डॉक्टरीणबाईसमोर मेंढरं कशी ओढ्यात उतरली होती, ते तिला आठवत होतं. आता हवी तेवढी उतरू देत. खोलीभर चरू देत. भाकरी करपली तरी चालेल.

रविवार होता, बिरुदेव घरीच होता. दिपालीने राजूला समोर बसवलं आणि खोका तिच्या मांडीवर ठेवला. "हे तुजं," ती म्हणाली. "तुजं एकटीचं."

राजूने खोका बघितला. मग ती उठली, मोरीत जाऊन हात धुतले, फ्रॉकला पुसले, फ्रॉक खाली ओढून सारखा केला. परत आली ती बसली नाही. बापासमोर उभी राहिली, टेप नखाने अलगद सोडवली, ती फाटू न देता खोक्याच्या कडेला चिकटवून ठेवली आणि झाकण काढलं. एक मेंढरू उचललं, पोट बिरुदेवकडे फिरवलं.

"वन," ती म्हणाली. आवाज तोच, दुकानातला.

"टू."

बिरुदेवने बायकोकडे पाहिलं. दिपालीचा चेहरा हळूहळू बदलत होता. पोरगी टेनपर्यंत गेली. राजूने शेवटचं मेंढरू खाचेत ठेवलं, झाकण लावलं, टेप पहिल्या जागी दाबून बसवली आणि खोका दोन्ही हातांनी आईपुढे धरला.

"आगं, परत कुटं द्यायचं न्हाय," दिपाली म्हणाली. "गिऱ्हाईक न्हाय कुणी. तुजंच हाय. खेळ की. चरायला सोड मेंढरं."

"ही चरत न्हाईत."

"का?"

"ही काउंटिंगची हायती," राजू म्हणाली. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली.

बिरुदेव वाकला आणि कॉटखालचे कोन ओढून बाहेर काढले. धूळ बसली होती त्यांच्यावर. त्याने ते लादीवर पसरले, निळा कुत्रा पुढे उभा केला, "हुर्र, हुर्र," असा आवाज काढला. राजूने ते भराभर गोळा केले, उंचीप्रमाणे एकात एक घातले आणि परत त्याच्या हातात दिले. "झालं," ती म्हणाली.

दिपालीला राहवलं नाही. तिने खोका ओढून घेतला, टेप ओरबाडून काढली आणि दहाच्या दहा मेंढरं जमिनीवर उधळली. चुलीपाशी, कॉटखाली, उंबऱ्याकडे, जाईल तिकडे जाऊ दिली. "हे बघ, असं! पळाली बघ! जा त्यांच्या मागं, राजू, जा की माजी बाय! त्यो बघ वढा, बुडंल एकादं!" ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

राजू हलली नाही. तिचा हात आधी गालावर गेला. त्याच गालावर, आणि तिथेच राहिला. आईने आता मारायचं काही कारण नाही हे तिला कुठून कळणार? मेंढरं पसरली की काय होतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि एका हाताने मेंढरं वेचायला लागली. दुसरा हात गालावरून निघाला नाही. बिरुदेव भिंतीकडे तोंड करून बसला. वन, टू, पुटपुटत ती कॉटखाली गेली, चुलीमागून एक काढलं, उंबऱ्याजवळचं आणलं. नऊ खाचा भरल्या. सातवी रिकामी राहिली. राजूने खोली पुन्हा धुंडाळली. पुन्हा वनपासून मोजलं, पुन्हा कॉटखाली शिरली.

सातवं मेंढरू दिपालीच्या मुठीत होतं. ते तिने कधी उचललं, तिचं तिलाच कळलं नव्हतं. पोर हरवलेल्या मेंढराला शोधायला निघेल, त्याला दम देईल, पोटाशी धरील, अशी काहीतरी वेडी आशा तिच्या मनात अजून होती. पण राजूने तिची मूठ पाहिली आणि ती सरळ समोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले. गाल लाल झाला होता, इतका वेळ दाबून धरलेला.

दिपालीने मूठ उघडली.

राजूने मेंढरू घेतलं, सातव्या खाचेत ठेवलं, झाकण लावलं. मग आईकडे बघून, मॅडमनी शिकवलं होतं तशी मान किंचित वाकवून म्हणाली, "थँक्यू आंटी."